दहा तारखेपर्यंतचं जेवण

मुंबईच्या कापड गिरणीत नवा लागलेला माणूस पहिला पगार हातात पडेपर्यंत जेवायचा कुठे? गिरण्यांच्या इतिहासावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मालक, मुकादम, युनियन, संप, गोळीबार या साऱ्यांची नोंद आहे. या प्रश्नाचं उत्तर शोधायला मला मात्र ग्रंथालयात जावं लागलं नाही. माझ्या आजीची लालबागच्या चाळीत खानावळ होती.

पगार महिन्याचा असे, पण महिना भरला म्हणून पैसे हातात येत नसत. १९३६च्या वेतन कायद्याने हजाराच्या वर कामगार असलेल्या कारखान्यांना पुढच्या महिन्याच्या दहा तारखेपर्यंतची मुदत दिली. त्याआधी तर तेवढंही बंधन नव्हतं. म्हणजे एक तारखेला साच्यावर उभा राहिलेला पोरगा खिशात दमडी नसताना चाळीस दिवस राबायचा. तो बदलीवाला असला तर आणखी कठीण. रोज पाळीच्या वेळी गेटावर जाऊन उभं राहायचं, कोणाचा खाडा असला तर काम, नाही तर परत खोलीवर.

ते चाळीस दिवस त्याला कोणीतरी पोसत होतं. मालक कामगाराची मजुरी चाळीस दिवस बिनव्याजी वापरत होता, आणि त्या कामगाराचं पोट एक बाई व्याजाने काढलेल्या पैशांतून भरत होती. गिरणीचं खेळतं भांडवल मोजताना कापसाच्या गाठी धरतात, कोळसा धरतात. गिरणगावातल्या हजारो चुलींवरून दिलेली उधारी त्यात धरलेली मी कुठे वाचली नाही. माझ्या मते ती धरायला हवी. कावसजी दावरांनी १८५४ साली मुंबईतली पहिली कापड गिरणी काढायला घेतली हे आम्ही शाळेत पाठ केलं. त्या गिरणीतल्या माणसांना जेवू घालणारी पहिली बाई कोण, हे कोणालाच ठाऊक नाही.

गिरणगावात येणारी माणसं बहुतेक एकटी येत. रत्नागिरी, सातारा, सांगली, कोल्हापूर. बायको-पोरं गावी, शेतीला आणि म्हाताऱ्यांना धरून. एका खोलीत वीस-पंचवीस जण. पहिल्या पाळीचे उठले की त्यांच्याच जागेवर रातपाळीचे येऊन आडवे व्हायचे. अशा खोलीत स्वयंपाक कोण करणार? म्हणून चाळीतल्या एखाद्या बिऱ्हाडाशी जेवणाचं लावायचं. त्या घरची बाई कोणाची मावशी, कोणाची आक्का, कोणाची वहिनी.

आमची आजी पाटण तालुक्यातली. लग्न होऊन मुंबईत आली तेव्हा लढाईचे दिवस होते आणि गिरण्या तिन्ही पाळ्यांत धडधडत होत्या. १९४३ साली मुंबईत रेशनिंग आलं, ते ती तिच्या मोठ्या जावेच्या हाताखाली शिकली. जावेकडे दहा-बारा मेंबर जेवायला. त्यांची रेशनकार्डं आजीकडेच ठेवलेली असत. गठ्ठा घेऊन पहाटे रांगेत उभं राहायचं, मिळेल ते धान्य आणायचं आणि त्या धान्यात सगळ्यांची पोटं बसवायची. पुढे बहात्तरच्या दुष्काळात लाल मिलो आला तेव्हा आजीला त्याचं नवल वाटलं नव्हतं. ती म्हणायची, "सरकारनं काय बी द्यावं, भाकरी थापायची आमीच."

खानावळ तिने स्वतःच्या नावावर कशी सुरू केली याच्या आमच्या घरात दोन गोष्टी आहेत. आत्या सांगते की आजोबांची छाती बिघडली. कापसाचा तंतू वर्षानुवर्षं फुप्फुसात गेला की तसं व्हायचंच. ते घरी बसले आणि आजीने चार माणसं जेवायला धरली. तात्या वेगळं सांगतात. तात्या आमचे नात्यातले कोणी नाहीत, आजीकडे पंधरा-सोळाव्या वर्षापासून जेवलेले, साचेखात्यातून निवृत्त झालेले. ते म्हणतात, "तुझी आजी रिळिंग खात्यात होती. तिला काढली म्हणून तिनं खानावळ घातली. तुझे आजोबा आजारी पडले ते नंतर."

मी बराच काळ आत्याचीच गोष्ट खरी मानत होते. गिरण्यांतल्या बायकांविषयी वाचल्यावर तात्यांचं बोलणं जास्त पटायला लागलं. १९२०च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाच कामगारांत एक बाई असे, मुख्यतः वाइंडिंग आणि रिळिंगमध्ये. पुढे दर वर्षी त्या कमी होत गेल्या. १९२९ साली मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला, तो चांगलाच होता, पण त्याचा खर्च मालकावर. रातपाळीला बायका चालत नाहीत हा दुसरा कायदा, त्यामागचा हेतूही चांगला. गिरण्या मात्र तीन पाळ्यांत चालायच्या. नवी यंत्रं आली, खात्यांची फेरमांडणी झाली, आणि प्रत्येक फेरमांडणीत आधी बायकांची नावं कमी झाली. कामगारांच्या पुढाऱ्यांनीही त्यासाठी जीव तोडून भांडल्याचं फारसं दिसत नाही. घर चालवणारा पुरुष, बाईची कमाई वरखर्चाची, हे सगळ्यांनीच गृहीत धरलेलं. सत्तरच्या दशकापर्यंत गिरणीत बायका मोजक्याच उरल्या.

मग त्या गेल्या कुठे? काही गावी गेल्या. बऱ्याचशा याच वस्तीत, याच चाळीत, गिरणीच्या भोंग्यावरच जगत राहिल्या. भोंगा आता त्यांना आत बोलवत नव्हता. त्यांची चूल मात्र त्यानेच पेटायची. आजी एकदा म्हणाली होती, "कामावनं काढली म्हंजी काय, हात थोडंच काढून घेत्यात?"

साडेतीनला उठायचं. सार्वजनिक नळाला पाणी चारला, तेही थोडा वेळ. पहिल्या पाळीचे जेवणाचे डबे सहाच्या आत. त्यांच्या मागोमाग रातपाळीचे येऊन बसायचे, ते गरम भाकरी मागायचे. दुपारी दुसऱ्या पाळीचे, संध्याकाळी पुन्हा पहिल्या पाळीचे. एका दहा बाय बाराच्या खोलीत आजोबांची खाट, तीन मुलं, चूल, धान्याचे डबे आणि भिंतीला टेकून आठ-आठ माणसांची पंगत. जोंधळ्याची भाकरी, डाळ, एक कोरडी भाजी. बुधवारी सुकट, रविवारी मटण. रविवारी प्रत्येकाच्या ताटात मोजून तुकडे पडायचे आणि ती मोजणी आजी कधीच चुकली नाही, असं तात्या अजून सांगतात.

गावी गेलेल्या दिवसांचे खाडे कापायचे, पण दोन दिवसांच्या आतला खाडा धरायचा नाही, हा नियम. पाहुणा आणला तर वेगळे पैसे. मटणाचे वेगळे नाहीत. आजीला लिहिता येत नव्हतं. प्रत्येक मेंबरची एक जागा भिंतीवर ठरलेली, तिथे कोळशाच्या रेघा. दर दिवाळीला भिंत सारवायची म्हणजे त्याआधी सगळा हिशेब चुकता व्हायलाच पाहिजे. आत्या सातवीपर्यंत म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकली आणि तिने वही घातली. वही घातल्यावरच आम्हाला घरात कळलं की आजी पैसा मिळवते आहे की घालवते आहे.

ती वही मी पाहिली आहे. साठच्या दशकातली, शाईने भरलेली. वीस मेंबर, प्रत्येकी महिना २५ रुपये. (तात्या म्हणतात, सुरुवातीला अठरा होते.) म्हणजे महिन्याला ५०० रुपये, पण ते येणार पुढच्या महिन्याच्या दहा तारखेनंतर. तोवर धान्य, तेल, मीठ, घासलेट, मासळी रोखीने. वाण्याची उधारी पंधरा दिवसांच्या वर चालत नसे. मग पंधरा तारखेला आजीची बोरमाळ पेढीवर जायची आणि दहा तारखेनंतर सुटून यायची. बोरमाळेवर भागलं नाही तर सावकार. त्याचा दर रुपयाला महिना दोन आणे.

दोन आणे ऐकायला किरकोळ वाटतात. २०० रुपये काढले तर महिन्याचं व्याज २५ रुपये. म्हणजे वीस मेंबरांपैकी एका माणसाचं पूर्ण महिन्याचं जेवण आजी सावकाराला घालत होती. ४०० काढले की दोन माणसांचं. खानावळीत कोणी मेंबर पैसे बुडवून गावी गेला की तिसऱ्याचं. वहीत शेवटी उरत काय होतं, तर घरातल्या पाच माणसांचं जेवण आणि खोलीचं भाडं. आजीच्या कष्टाचा एक पैसाही त्या वहीत नाही. आत्याने तो कधी धरलाच नाही, कारण धरायचा असतो हे तिलाही तेव्हा कोणी सांगितलेलं नव्हतं.

शिरगणतीवाला आला तेव्हाची एक गोष्ट आत्या रागाने सांगते. त्याने विचारलं, घरात कमावतं कोण? आजोबा खाटेवरून म्हणाले, "मी गिरणीत." ते तर घरी बसून होते. आजीपुढे त्याने लिहिलं, घरकाम. त्याच वेळी आजी वीस माणसांच्या भाकऱ्या थापत होती आणि तो तिच्याच हातचा चहा पीत होता.

संपांचं वेगळं सांगायला हवं. गिरणी कामगारांच्या संपाच्या गोष्टींत लाल बावटा असतो, कामगार मैदान असतं, कॉम्रेड डांगे असतात. १९२८ साली संप एप्रिल ते ऑक्टोबर चालला, सहा महिने. आजीची सासू तेव्हा जेवण घालायची आणि तिच्या अंगावरचं मणी-डोरलंही त्या सहा महिन्यांत गेलं, असं घरात सांगतात. १९७४चा संप ४२ दिवसांचा. तो आत्याने डोळ्यांनी पाहिला. युनियनची वर्गणी गोळा व्हायची, धान्य वाटलं जायचं, तरीही रोज दोन वेळचं ताट पुढ्यात यायचं ते मावशीच्याच घरी. पैसे नाहीत म्हणून आजीने एकाचंही जेवण बंद केलं नाही. "भूक काय दहा तारखेला लागती व्हय?" हे तिचं वाक्य आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहे.

मी लहान असताना हे ऐकून मला आजीचा अभिमान वाटायचा, अजूनही वाटतो. पण त्यात नुसतं मायाळूपण पाहणं तिच्यावर अन्याय आहे. तिला पक्कं माहीत होतं की संप मिटला की हाच माणूस पगार घेऊन येणार, आणि उपाशी ठेवलेला मेंबर पुन्हा कधीच आपल्या पंगतीला बसणार नाही. गिऱ्हाईक टिकवण्यासाठी तोटा सोसायचा आणि किती सोसायचा याचा अंदाज बांधायचा, हे कोणत्याही मुरलेल्या व्यापाऱ्याचं शहाणपण आहे. कमी होतं ते भांडवल.

ते भांडवल कुठून आणायचं, हा प्रश्न प्रेमा पुरव यांना पडला. त्या मूळच्या गोव्याच्या, गोवा मुक्तिसंग्रामात उतरलेल्या, मग मुंबईत येऊन कम्युनिस्ट चळवळीत आणि गिरणी कामगारांत काम केलेल्या. त्यांचे पती दादा पुरव बँक कर्मचाऱ्यांच्या युनियनचे पुढारी. गिरणगावात फिरताना त्यांना दिसत होतं की संप कामगार करतात आणि त्याचं कर्ज बायकांच्या डोक्यावर राहतं. त्या काळात मुंबईतल्या बायका रस्त्यावर उतरायला शिकल्या होत्याच. १९७२ साली महागाई प्रतिकार समिती निघाली, मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकरांच्या मोर्चात हजारो बायका हातात लाटणी घेऊन गेल्या. आत्याही गेली होती. लाटणं तिने आजीला न विचारता उचललं होतं आणि संध्याकाळच्या पोळ्यांना उशीर झाला म्हणून बोलणी खाल्ली होती.

१९६९ साली १४ मोठ्या बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं होतं आणि १९७२ पासून गरिबांना वर्षाला ४ टक्के व्याजाने छोटं कर्ज देण्याची योजना होती. योजना होती, पण खानावळवाल्या बाईला बँकेच्या दारातून आत कोण घेणार? तिच्याकडे तारण नाही, सही नाही, दुकानाचा परवाना नाही. प्रेमाताईंनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि पहिल्या १४ बायकांना बँक ऑफ बडोदाकडून प्रत्येकी १,५०० रुपये कर्ज मिळालं. एका वस्तीतल्या बायकांचा गट करायचा आणि त्यांनी एकमेकींच्या शब्दाला उभं राहायचं. तारण म्हणून त्यांच्याकडे शेजार होता. हप्ते फिटत गेले, बँका पुन्हा द्यायला तयार झाल्या, गट वाढत वाढत हजारो बायकांपर्यंत गेले. पुढे २००२ साली प्रेमाताईंना पद्मश्री मिळाली.

आजीला कर्ज मिळालं ते पहिल्या तुकडीत नाही, नंतर. ती आधी जायलाच तयार नव्हती. सावकार ओळखीचा होता, घरी येऊन पैसे द्यायचा. बँकेत बूट घातलेली माणसं. शेवटी आजी, आत्या आणि चाळीतल्या आणखी चौघीजणी मिळून गेल्या. साहेबांनी विचारलं, "तुमचा धंदा काय?" आजी म्हणाली, "धंदा काय न्हाई साहेब, चार मानसं असत्यात जेवायला." आत्याने तिच्या हातातून पिशवी घेतली, वही काढली आणि टेबलावर उघडी ठेवली. साहेबांनी पानं उलटली. आत्या म्हणते, त्यांनी बराच वेळ पानं उलटली. मग विचारलं, "या बाकीच्या मागे तुम्ही व्याज किती भरता?" आकडा ऐकून त्यांनी चष्मा काढला.

१,५०० रुपयांवर सावकाराचं व्याज महिन्याला १८७ रुपये ५० पैसे झालं असतं. बँकेचं वर्षाचं ६० रुपये, म्हणजे महिन्याला पाच. आजीच्या धंद्यात बाकी काहीही बदललं नव्हतं. तीच चूल, तेच मेंबर, तीच डाळ. तरी दोन वर्षांत बोरमाळ पेढीवर जायची थांबली, घासलेटचा मोठा स्टोव्ह आला, मग दुसरा, आणि भाकऱ्या थापायला खालच्या मजल्यावरची एक विधवा बाई पगारावर लागली. बाईला उद्योग शिकवला पाहिजे, तिच्यात आत्मविश्वास जागवला पाहिजे, असं आजही भाषणांत ऐकू येतं. आजीला शिकवण्यासारखं कोणाकडे काही नव्हतं. दोन आण्यांच्या जागी वाजवी व्याज मिळालं आणि तिचं गाडं चालू लागलं.

गिरगावातली गोष्ट याच सुमारास आमच्या चाळीत आदराने सांगितली जायची. १५ मार्च १९५९ला सात गुजराती बायका एका इमारतीच्या गच्चीवर बसल्या आणि ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला लागल्या. पहिल्या दिवशी चार पाकिटं. पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद. दुसऱ्या पावसाळ्यात त्यांनी एक खाट आणि एक शेगडी विकत घेतली. खाटेवर पापड, खाली शेगडी. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये. तोच पुढे लिज्जत पापड झाला. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. लिज्जतने सुरुवातीपासून दोन गोष्टी पाळल्या: दान घ्यायचं नाही, आणि लाटणारी प्रत्येक बाई मालकीण. मला त्यांचं काम फार मोठं वाटतं. पण पापड वाळतो, टिकतो, पाकिटात जातो, परगावी जातो. भाकरी गरम असतानाच विकावी लागते, आणि खाणारा समोर बसलेला असतो. खानावळवाल्या बाईला छाप मारता येत नाही, तिला माणूस धरून ठेवावा लागतो. म्हणून ज्या दिवशी माणूसच गेला त्या दिवशी खानावळ कोसळली.

तो दिवस १८ जानेवारी १९८२. डॉक्टर दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. आजीला वाटलं, दोन महिने. तात्यांनाही तसंच वाटलं. पहिले दोन महिने जुन्या रिवाजाने गेले. तिसऱ्या महिन्यात गावची माणसं गावी निघाली. काहींनी जाताना हात जोडले, काही रात्रीच्या एसटीने न सांगता गेले. बाकीचे राहिले, जेवत राहिले. बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याला उभा.

आत्याने त्या वेळी आईशी आयुष्यातलं सर्वांत मोठं भांडण केलं. तिचा नवराही संपात होता, तिची दोन मुलं शाळेत होती. ती म्हणाली, आता नव्याने उधार नाही. जो रोज भाजी निवडील, पाणी भरील, डबे पोचवील, त्याला जेवण. आजी दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. पण तिसऱ्या दिवशी वही तिच्याकडेच दिली.

मग आत्या आणि गटातल्या दोघी फोर्टात आणि नरिमन पॉइंटला कचेऱ्यांतून हिंडल्या. घरच्या जेवणाचा डबा, पोळी-भाजी, वरण-भात. भाकरी चालणार नव्हती, सुकट तर नाहीच. आजीला बिनकांद्याची आमटी करायला शिकावं लागलं. पहिले डबे नेले तात्यांनी. वीस वर्षं साच्यावर उभा राहिलेला माणूस, हातात डब्यांचं कडं घेऊन करी रोडला गाडीत चढायचा. ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून सुरुवातीला ते सातची गाडी धरायचे आणि व्ही.टी.ला साडेदहापर्यंत बसून राहायचे. हे त्यांनी मला अलीकडेच सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज कापला आणि मी पुढचं काही विचारलं नाही.

संप कोणी मागे घेतला नाही, तो विरून गेला. हजारो माणसं पुन्हा कामावर गेलीच नाहीत. गिरणगावातल्या बहुतेक खानावळी त्या दीड-दोन वर्षांत बंद पडल्या. ज्या तगल्या त्यांनी गिऱ्हाईक बदललं. अन्नपूर्णा मंडळानेही बायकांना एकत्र आणून मोठ्या स्वयंपाकाची, कचेऱ्यांना जेवण पुरवण्याची कामं उभी केली. संपाच्या इतिहासात हरलेल्या पुरुषांच्या कहाण्या आहेत आणि त्या असायलाच हव्यात. पण त्या वर्षांत गिरणगावातली किती घरं बायकांच्या डब्यांवर, शिवणावर, धुण्याभांड्यांवर चालली, याचा हिशेब कोणी मांडला तर हरण्या-तगण्याचं चित्र बरंच वेगळं दिसेल.

जुन्या उधारीचं काय झालं? वहीत संपाआधीची आणि संपातली मिळून एकवीस नावं आहेत. काहींनी दोन-चार वर्षांनी येऊन पैसे दिले. एकजण दर सुगीला तांदळाचं पोतं पाठवत राहिला, रक्कम फिटून गेली तरी. सातजणांच्या नावापुढे काहीच नाही. आजी गेली त्याच्या आधी एकदा आत्याने ती सात नावं वाचून दाखवली आणि विचारलं, खोडू का? आजी म्हणाली, "खोडू नगंस. आली तर वळखाया पाहिजेत."

आत्याचा डब्यांचा व्यवसाय नव्वदच्या दशकात ऐन भरात होता. हाताखाली सहा बायका, सगळ्या गिरणी कामगारांच्या घरच्या. त्यांना ती शनिवारच्या शनिवारी पैसे द्यायची. आता सगळं तिच्या सुनेच्या, म्हणजे माझ्या वहिनीच्या हाती आहे. चाळीच्या जागी टॉवर झालेत, लोअर परळच्या गिरण्यांच्या जमिनींवर कचेऱ्या आहेत आणि त्या कचेऱ्यांतली पोरं-पोरी वहिनीचे डबे खातात. पैसे मोबाइलवर, महिन्याचे आगाऊ. गेल्या वर्षी वहिनीने मुद्रा योजनेतून कर्ज काढायचं ठरवलं. धंद्याचा अंदाज कागदावर मांडायचा होता, म्हणून मी तिला मदत करायला बसले होते. आत्या शेजारी खुर्चीवर. वय ऐंशीच्या पुढे, डोळे अधू, पण आकडे ऐकून ऐकून जुळवणारी.

वहिनी वाचत होती. रोज ४० डबे, डबा ९० रुपये. सामान ५२, गॅस ६, डबा-पिशवी ८, पोचवणावळ १०. एकूण खर्च ७६, डब्यामागे सुटतात १४, म्हणजे दिवसाला ५६० नफा.

"आणि तू?" आत्या म्हणाली.

"मी काय?"

"पहाटे पाचपासून दहापर्यंत उभी असतेस. तुझ्या जागी बाई ठेवलीस तर ती काय घेईल?"

वहिनी म्हणाली, "पाच तासांचे सहाशे तरी घेईल. पण आई, मी घरचीच ना."

"मग नफा कसला? चाळीस रुपये खिशातनं घालतीयेस रोज." आत्याने हात पुढे केला, वही मागितली. वाचता येत नव्हतं तरी ती वही मांडीवर धरून बसली. "माझ्या आईनं तीस वर्षं घातले, मी वीस घातले. तू बँकेला खोटा आकडा देऊ नकोस. आधी तुझी मजुरी लाव, मग खाली नफा काढ. नफा निघत नसेल तर दर वाढव."

वहिनीला ते पटेना. गिऱ्हाईक तुटेल, समोरच्या गल्लीत ८५ला डबा मिळतो. संध्याकाळपर्यंत दोघींची घासाघीस चालली, आत्या १२० म्हणत होती, वहिनी ९५. पुढच्या सोमवारपासून डबा ११० रुपयांचा झाला. तीन गिऱ्हाइकं सुटली, सदतीस राहिली. बँकेत दिलेल्या कागदावर वहिनीच्या नावापुढे रोजची ६०० रुपये मजुरी आहे आणि तिच्या खाली, ती मजुरी वजा करून, ६५८ रुपये नफा.